जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट : उघडण्यापूर्वी काय तपासावे?

(उल्हासनगर कॅम्प २ येथे ट्रॅक्टरमालक, चालक व मिस्त्री यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उल्हासनगर म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बाजार आणि कारखाने उभे राहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहिली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि तिचे पाच भाग आजही कॅम्पच्या नंबरानेच ओळखले जातात. परंतु या शहराच्या आजूबाजूला, म्हारळ, वरप, कांबा, गोवेलीपासून मुरबाडपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला बदलापूर, वांगणीपर्यंत, भाताची खाचरे आहेत. तिथला ट्रॅक्टर बिघडला की सील, होज किंवा लेथच्या कामासाठी माणूस याच बाजूला येतो. म्हणून लिफ्टच्या दुरुस्तीविषयी मालक, चालक आणि मिस्त्री या तिघांशी एकत्र बोलणे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्यापैकी अनेकांचा ट्रॅक्टर जुना आहे. वर्षातले सात-आठ महिने तो ट्रॉली ओढतो, विटा, माती, पाण्याची टाकी वाहतो. या काळात लिफ्टला फारसे काम नसते. मग पाऊस सुरू होतो आणि तीच लिफ्ट एकदम चिखलणीच्या सर्वात जड कामाला लागते. आठ महिने झाकलेला दोष नेमका लावणीच्या आठवड्यात उघडा पडतो. भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे असताना लावावे असे आपण नेहमी सांगतो. रोप जुने झाले की फुटवे कमी येतात. म्हणजे लिफ्ट पाच दिवस बंद राहिली तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या बिलाचे नसते, ते खाचरातही होते.

अशा घाईत बहुतेक वेळा एकच गोष्ट होते. 'पंप गेला' असे म्हणून लिफ्टचे वरचे झाकण काढले जाते. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, झाकण काढणे ही शेवटची पायरी आहे. त्याआधी फुकटात होणाऱ्या तपासण्या क्रमाने केल्या तर दोष कोणत्या बाजूला आहे हे पुष्कळदा बाहेरूनच कळते.

लिफ्ट चालते कशी?

औत ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून ते तेलाच्या दाबाने उचलायचे व त्याची खोली आपोआप राखायची, ही कल्पना आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केली. त्यांचे या विषयावरील महत्त्वाचे पेटंट १९२६ सालचे आहे. आज आपल्याकडील कोणत्याही कंपनीच्या ट्रॅक्टरवर दिसणारी टॉप लिंक व दोन लोअर लिंक ही त्याच पद्धतीची आहेत.

टाकीतील तेल जाळीतून पंपात येते. पंप ते दाबाने कंट्रोल व्हॉल्व्हकडे व तिथून सिलिंडरमध्ये पाठवतो. सिलिंडरमधील पिस्टन पुढे सरकतो, तो शाफ्ट फिरवतो आणि शाफ्टवरचे लिफ्ट आर्म औत उचलतात. दाब मर्यादेबाहेर गेला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो व तेल परत टाकीत जाते. ही मर्यादा बहुतेक ट्रॅक्टरांत दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५० ते २०० किलोच्या आसपास असते. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तकात पाहावा.

यातील दोन गोष्टी निदानासाठी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, पंप तेल ढकलतो, पण दाब तयार होतो तो औताच्या वजनामुळे. म्हणून रिकामी लिफ्ट झटकन वर गेली तरी पंप चांगला आहे असे सिद्ध होत नाही. दुसरी, औत खाली येते ते स्वतःच्या वजनाने, पंपाने नव्हे. म्हणून 'लिफ्ट खाली येत नाही' या तक्रारीत पंपाचा दोष नसतो.

आधी जीव, मग यंत्र

उचललेल्या औताखाली हात, पाय किंवा डोके घालू नये. लिव्हरला लागलेला एक धक्का किंवा तुटलेली एक ओ-रिंग पुरेशी असते. खाली काम करायचेच असेल तर औत जमिनीवर टेकवावे, किंवा मजबूत लाकडी ठोकळ्यांवर बसवून इंजिन बंद करावे. नुसत्या जॅकवर विसंबू नये. रोटाव्हेटर जोडलेला असेल तर पीटीओ बंद केल्याशिवाय जवळ जाऊ नये.

पाइपमधून तेल कुठे फवारते हे बोटाने शोधू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. या दाबाचे तेल सुईसारखे कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतले मांस सडू लागते. असे झाले तर हळद लावून घरी न बसता त्याच तासाला रुग्णालयात जावे आणि दाबाचे तेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पहिली पायरी : खर्च नसलेल्या तपासण्या

१. तेलाची पातळी : ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, औत खाली टेकवावे, इंजिन बंद करून थोडे थांबावे आणि मग डिपस्टिक पाहावी. औत वर असताना बरेच तेल सिलिंडरमध्ये असते व पातळी चुकीची दिसते. ट्रॉली टिपिंग करणाऱ्यांनी विशेष पाहावे. ट्रॉलीचा जॅक टाकीतूनच तेल घेतो.

२. पंप चालू आहे का? मॅसी फर्ग्युसन १०३५ सारख्या ट्रॅक्टरांत पंप मागच्या हौसिंगमध्ये असतो व पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओचा लिव्हर सुटा असेल तर पंप फिरतच नाही आणि लिफ्ट मेल्यासारखी पडून राहते. दिवसभर ट्रॉली ओढून आलेला चालक लिव्हर सुटा ठेवतो व दुसरा चालक सकाळी 'लिफ्ट गेली' म्हणतो. याच रचनेत सिंगल क्लच असेल तर क्लच दाबताच लिफ्टही थांबते. तो बिघाड नव्हे. ज्या ट्रॅक्टरांत पंप थेट इंजिनवर चालतो त्यांत असे होत नाही. आपला कोणत्या जातीचा आहे हे मालकाला माहीत असलेच पाहिजे.

३. टिपिंगचा व्हॉल्व्ह : ट्रॉलीकडे तेल नेणारा व्हॉल्व्ह किंवा सिलेक्टर अर्धवट उघडा राहिला तर लिफ्ट दुबळी होते किंवा मुळीच उचलत नाही.

४. लिव्हर : पोझिशन कंट्रोल आणि ड्राफ्ट कंट्रोल असे दोन लिव्हर असतात. एकावर काम करताना दुसरा पुस्तकात सांगितलेल्या जागीच हवा. तसेच औत खाली सोडण्याचा वेग ठरवणारा नॉब पूर्ण बंद नाही ना, तेही पाहावे.

५. औताचे वजन : पाच फुटी रोटाव्हेटर साधारण ३५० ते ४५० किलोचा असतो. त्यावर ओला चिखल चिकटतो. शिवाय वजन लोअर लिंकच्या टोकापासून जितके मागे, तितके लिफ्टला जास्त जड. पंचवीस-तीस अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरला मोठा रोटाव्हेटर जोडून लिफ्टला दोष देणे बरोबर नाही. पुढची चाके उचलली जात असतील तर लिफ्ट आपले काम करीत आहे, औत जास्त झाले आहे.

६. अडथळा : चेन आखूड बांधलेली, लोअर लिंक वाकलेली, पिना गंजून जाम झालेल्या, टॉप लिंक कुठे अडकलेली, हे डोळ्यांनी पाहावे.

दुसरी पायरी : तेल काय सांगते?

कोकणात लिफ्टचा मोठा शत्रू पाणी आहे. चिखलणीत ट्रॅक्टर मागून गुडघाभर पाण्यात असतो. पीटीओ शाफ्टचे सील, मागच्या ॲक्सलची सीले, गिअर लिव्हरचे फाटलेले रबर, हवेचे तोंड व डिपस्टिकचे सैल टोपण यांतून पाणी आत जाते. काम संपल्यावर पाइपने जोरात धुतानाही जाते. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल व लिफ्ट यांचे तेल एकच असते. त्यामुळे पाण्याने पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग सगळेच गंजते.

तेल दुधाळ दिसले की पाणी आहे असे समजावे. शंका असेल तर ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाचा प्लग सावकाश सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने आधी तेच येईल. दुधाळ तेल निवळून परत वापरू नये. तेल गरम असताना पूर्ण काढावे, जाळी काढून धुवावी, तळाचा गाळ पुसून घ्यावा, चिंधीचे धागे आत राहू देऊ नयेत आणि पुस्तकात दिलेल्या प्रतीचे नवे तेल भरावे. पाणी कुठून आले ते सील न बदलता तेल बदलले तर तो खर्च फुकट जाईल.

तेलात फेस असेल आणि पंप कर्कश ओरडत असेल तर पंपाला तेल कमी पडते आहे किंवा ओढीच्या बाजूने हवा येते आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओढीच्या बाजूच्या फटीतून तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून बाहेर कोरडे दिसते तरी जोड खराब असू शकतो. जाळी तुंबली असली तरी असाच आवाज येतो.

जाळीवर काय सापडले तेही पाहावे. चिंध्या आणि गाळ म्हणजे दुर्लक्ष. चमकणारा धातूचा भुगा म्हणजे आत झीज चालू आहे व पुढे खोलात जावे लागेल. इंजिनचे जळके तेल लिफ्टमध्ये कधीही घालू नये.

तिसरी पायरी : लिफ्टची परीक्षा

धरून ठेवण्याची परीक्षा : नेहमीचे औत पूर्ण उचलावे. शेजारी काठी उभी करून औताच्या एका टोकाची उंची खडूने आखावी. इंजिन बंद करून दूर उभे राहावे व दर पाच मिनिटांनी खूण करावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, तिथेही लिफ्टने उचललेला भार अर्ध्या तासात किती खाली येतो हे असेच मोजतात. जुन्या ट्रॅक्टरचे औत हळूहळू थोडे उतरणारच. पण काही मिनिटांत जमिनीला टेकले तर सिलिंडरच्या बाजूने गळती आहे. पिस्टनची ओ-रिंग, सिलिंडर, चेक व्हॉल्व्ह किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह, यांपैकी काहीतरी तेल सोडते आहे. अशा वेळी नवा पंप बसवून काही उपयोग नाही.

इंजिन चालू असताना औत थोडे खाली, परत वर, असे सारखे झुलत असेल तर तेही याच गळतीचे लक्षण. जेवढे गळते तेवढे पंप पुन्हा भरतो.

थंड-गरम परीक्षा : सकाळी थंड असताना लिफ्ट चांगली व दुपारी तेल तापल्यावर दुबळी, तर आत झीज आहे. पातळ झालेले तेल झिजलेल्या फटींतून निसटते. उलट, थंडीत सुस्त व तापल्यावर बरी, तर तेल जास्त जाड आहे किंवा जाळी तुंबली आहे.

टिपिंगची परीक्षा : ज्या ट्रॅक्टरवर सिलेक्टर फिरवून लिफ्टचा सिलिंडर वेगळा करता येतो, तिथे भरलेली ट्रॉली उचलून पाहावी. ट्रॉली जोमाने उचलली पण औत उचलत नाही, तर पंप व रिलीफ व्हॉल्व्ह ठीक आहेत, दोष लिफ्टच्या सिलिंडरकडे आहे. दोन्ही दुबळी असतील तर दोष तेल, जाळी, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्हकडे. ही परीक्षा आपल्या भागात सर्वांना जमण्यासारखी आहे. मिस्त्रीकडे प्रेशर गेज असेल तर त्याच तोंडाला लावून दाब मोजावा. आकडा कागदावर लिहून मालकाला द्यावा.

लक्षण आणि संशय

मुळीच उचलत नाही : पंपाचा लिव्हर, तेलाची पातळी, टिपिंगचा व्हॉल्व्ह. नंतर तुंबलेली जाळी, अडकलेला कंट्रोल व्हॉल्व्ह, तुटलेला पंपाचा जोड.

हलके उचलते, जड नाही : रिलीफ व्हॉल्व्ह बसत नाही, पंप झिजला किंवा सिलिंडरमध्ये गळती. धरून ठेवण्याची परीक्षा यांत फरक दाखवते.

वर जाते, खाली येत नाही : वेगाचा नॉब बंद, लिव्हरची जोडणी सुटलेली, व्हॉल्व्ह गंजाने किंवा गाळाने अडकलेला, अथवा शाफ्ट बुशमध्ये जाम.

पूर्ण वर गेल्यावर घरघर व थरथर : लिव्हर किंचित खाली घ्यावा. आवाज थांबला तर जोडणीची सेटिंग चुकली आहे व तेल सतत रिलीफ व्हॉल्व्हमधून जाते आहे. असे चालवत राहिले तर तेल तापते व पंप झिजतो.

नांगर सारखा आत-बाहेर होतो : टॉप लिंकची लांबी व तिची जोडण्याची जागा, ड्राफ्टची स्प्रिंग आणि तिचा ढिलेपणा पाहावा. हा पंपाचा रोग नव्हे.

उघडावेच लागले तर

मिस्त्री मित्रांना चार गोष्टी सांगतो. झाकण जड असते, ते चेन ब्लॉकनेच उचलावे. आणि चिखलाने भरलेला ट्रॅक्टर बाहेरून स्वच्छ केल्याशिवाय झाकणाच्या बोल्टला हात लावू नये, नाहीतर आपणच आत गाळ टाकतो.

ओ-रिंग बदलण्यापूर्वी सिलिंडरवर नख फिरवून पाहावे. ओरखडा नखाला अडकला तर नवी रिंग लवकरच फाटेल. रिंग तेलात टिकणाऱ्या रबराची हवी. नळाची साधी रिंग तेलात फुगते. आधाराची पट्टी असेल तर ती ओ-रिंगच्या दाब नसलेल्या बाजूला बसते. उलट बसवली की रिंग फटीत चेपून कापली जाते.

औत उचलत नाही म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालून दाब वाढवण्याची खोड सोडून द्यावी. गळती तशीच राहते, पंपाचे अंग तडकू शकते किंवा पंप चालवणारा भाग तुटतो. छोट्या कामाचे मोठे काम होते.

सुटा भाग घेताना जुना भाग सोबत न्यावा व व्हर्नियरने मोजावा. मॅसी फर्ग्युसन घराण्याची मापे मुळात इंचात, तर चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून आलेल्या एचएमटीची मिलिमीटरमध्ये. डोळ्यांना सारखी दिसणारी रिंग सारखी नसते. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. असे ट्रॅक्टर अजून शेतात आहेत, पण भाग आता निरनिराळ्या कारखान्यांचे मिळतात. डबीवरचे नाव पाहून नव्हे, माप घेऊनच भाग निवडावा. पक्के बिल घ्यावे व काढलेला जुना भाग मालकाने परत मागावा.

मे महिन्यातील एक दिवस

हे सर्व जूनच्या शेवटी करण्याचे काम नाही. मे महिन्यात एक दिवस ठरवावा. रोटाव्हेटर किंवा नांगर जोडून लिफ्ट दहा-वीस वेळा वर-खाली करावी. धरून ठेवण्याची परीक्षा घ्यावी. तेल पाहावे, जाळी धुवावी, पीटीओचे सील व गिअर लिव्हरचे रबर तपासावे. आलेला आकडा वहीत तारखेसह लिहावा. या वर्षी औत अर्ध्या तासात चार बोटे उतरले आणि पुढच्या वर्षी वीतभर उतरले, तर दुरुस्तीची वेळ आली हे वहीच सांगेल. चिखलणी संपल्यावर आठवड्यात पुन्हा तेल पाहावे. पाणी शिरले असेल तर ते आठ महिने आत ठेवू नये. ट्रॉलीच्या दिवसांतही पंधरवड्यातून एकदा लिफ्ट चालवावी.

आणि ट्रॅक्टर मिस्त्रीकडे नेताना 'लिफ्ट बिघडली' एवढेच सांगू नये. तेल कसे दिसले, औत किती वेळात उतरले, गरम झाल्यावर काय होते, ट्रॉली उचलते का, या चार गोष्टींची उत्तरे सोबत न्यावीत. मिस्त्रीनेही ती विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. त्यामुळे मालकाचा पैसा वाचेल, मिस्त्रीचे नाव राहील आणि खाचरातले रोप वेळेवर लागेल.